सोनी बीएमजी रूटकिट प्रकरण

सोनी बीएमजी रूटकिट प्रकरण हे २००५ साली अमेरिकेत उघडकीस आलेले, संगणक सुरक्षा व संगीताचे परवाने यांच्याशी संबंधित प्रकरण आहे. सोनी बीएमजी या ध्वनिमुद्रण कंपनीने गाण्यांच्या अनिर्बंध प्रती रोखण्यासाठी आपल्या काही सीडींमध्ये घातलेले सॉफ्टवेअर ग्राहकाच्या नकळत विंडोज या संचालन प्रणालीची सुरक्षा दुर्बळ करीत असल्याचे यात सिद्ध झाले.

पार्श्वभूमी

संगीत सीडीवरील ध्वनी कूटबद्ध नसल्यामुळे संगणकावर त्याची प्रत सहज काढता येते. १९९९ साली सुरू झालेल्या नॅपस्टरनंतर अशा प्रतींची इंटरनेटवरील देवाणघेवाण झपाट्याने वाढली. त्यावर उपाय म्हणून सोनी बीएमजीने फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीचे 'एक्ससीपी' आणि सनकॉम या कंपनीचे 'मीडियामॅक्स' ही सॉफ्टवेअरे वापरली.

कार्यपद्धती

सीडी संगणकात घालताच विंडोजमधील 'ऑटोरन' सुविधेमुळे परवाना करार पडद्यावर येत असे. तो मान्य केल्यास सीडीवरील प्लेअर वापरता येई व मर्यादित प्रती काढता येत. मात्र एक्ससीपीबरोबर रूटकिटही स्थापित होत असे. त्याचा उल्लेख करारात नव्हता. रूटकिट म्हणजे संचालन प्रणालीच्या गाभ्यात शिरून फाइली व प्रक्रिया दडवून ठेवणारे सॉफ्टवेअर. एक्ससीपीचे रूटकिट विशिष्ट चिन्हांनी सुरू होणाऱ्या नावाची कोणतीही फाइल, ती कोणीही निर्माण केलेली असो, दडवत असे. त्यामुळे इतरांच्या घातक सॉफ्टवेअरलाही आयता आडोसा मिळाला व नोव्हेंबर २००५ मध्ये त्याचा गैरवापर झाल्याचे आढळले. मीडियामॅक्सच्या काही फाइली तर करार नाकारल्यानंतरही संगणकात राहत.

उघडकीस येणे

संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे रूटकिट जाहीरपणे उघड केले. त्याच्या फाइली थेट काढून टाकल्यास सीडी ड्राइव्ह निकामी होत असल्याचेही त्यांना दिसले. कंपनीने दिलेल्या काढणी-साधनामुळे कोणत्याही संकेतस्थळाला त्या संगणकावर प्रोग्रॅम चालवता येतो, असे प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन व ॲलेक्स हॅल्डरमन यांनी दाखवून दिले. इतरांच्या परवान्याचे रक्षण करणाऱ्या एक्ससीपीमध्येच 'लेम' या मुक्त सॉफ्टवेअरचा अंश त्याच्या परवान्याच्या अटी न पाळता वापरल्याचेही विश्लेषकांना आढळले.

परिणाम

नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने एक्ससीपी असलेल्या सीडी परत मागवल्या. टेक्सास राज्याने व ग्राहकांनी दावे दाखल केले. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना असे सॉफ्टवेअर स्थापित न करण्याचे आणि संगणकाच्या दुरुस्तीसाठी १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर आले. जानेवारी २००८ मध्ये सोनी बीएमजीने ॲमेझॉनवर प्रतबंदीविरहित गाण्यांची विक्री करण्याचे जाहीर केले.

संगीताचा परवाना राखण्याचा हक्क ग्राहकाच्या संगणकावर ताबा मिळवण्यापर्यंत पोहोचतो का, हा या प्रकरणातील मूळ प्रश्न होता.