क्रूझ कंट्रोलचा बिघाड व दुरुस्ती

क्रूझ कंट्रोल ही ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवताही मोटारीचा वेग ठरावीक पातळीवर राखणारी यंत्रणा आहे. ती बंद पडली तरी मोटार नेहमीप्रमाणे चालते. त्यामुळे या बिघाडाकडे सहसा दुर्लक्ष होते. मात्र क्रूझ कंट्रोल न लागणे हे अनेकदा ब्रेक, क्लच किंवा चाकांच्या वेगसंवेदकातील दोषाचे लक्षण असते.

पार्श्वभूमी

या यंत्रणेचे जनक, अमेरिकन अभियंता राल्फ टीटर यांना बालपणीच अंधत्व आले होते. सोबतचा चालक बोलण्याच्या ओघात वेग सतत कमी-जास्त करी व त्या हिसक्यांना कंटाळून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यांना १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर इंपीरियल मोटारीत ही यंत्रणा उपलब्ध झाली. पुढे अनेक वर्षे इंजिनातील निर्वातावर हलणारा पडदा केबलच्या साहाय्याने थ्रॉटल ओढत असे. अशा जुन्या मोटारींत चिरलेली रबरी नळी हे बिघाडाचे नेहमीचे कारण असते. आजच्या मोटारींत हे काम इंजिनाचा संगणक करतो.

निदान

संगणकाला एखाद्या संकेताविषयी शंका आली, की तो क्रूझ कंट्रोल लागू देत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात महागड्या भागांपासून न करता मागच्या लाल दिव्यांपासून करावी. ब्रेक पेडलजवळच्या स्विचमध्ये बहुधा दोन संपर्क असतात. पेडल दाबताच एक जुळून दिवे लावतो, तर दुसरा सुटून क्रूझ रद्द करतो. दिवे सतत जळत असतील किंवा मुळीच लागत नसतील, तर स्विच, त्याची बसवण, फ्यूज व बल्ब पाहावेत. काही मोटारींत मूळ बल्बऐवजी एलईडी बसवल्यानेही क्रूझ लागत नाही. स्कॅनरवर पी-०५७१ किंवा पी-०५०४ हे दोषसंकेत ब्रेकच्या स्विचकडे, तर पी-०५०० हा वेगसंवेदकाकडे निर्देश करतो. एबीएस किंवा इंजिनाचा इशारादिवा लागलेला असल्यास तो दोष आधी दूर करावा लागतो.

स्टिअरिंगवरील बटणांसोबत हॉर्नही बंद असेल, तर स्टिअरिंगमागील गुंडाळीची पट्टी तुटल्याचा संशय घ्यावा. एअरबॅगची जोडणीही याच पट्टीतून जाते. त्यामुळे बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय स्टिअरिंग उघडू नये. हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडेच द्यावे.

दुरुस्ती

ब्रेकचा स्विच तुलनेने स्वस्त असतो व बदलण्यास सोपा असतो. तरीही काही ठिकाणी स्विचच्या तारा परस्पर जोडून क्रूझ ‘चालू’ करून दिले जाते. याला दुरुस्ती म्हणता येत नाही. रद्द करणारा संपर्क असा कायमचा जोडला गेल्यास ब्रेक दाबूनही इंजिन वेग राखण्याचा प्रयत्न करीत राहू शकते. काम झाल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाचणी घ्यावी. ब्रेकला हलका स्पर्श होताच, तसेच क्लच दाबताच व बंद करण्याचे बटण दाबताच, क्रूझ तत्काळ सुटले पाहिजे.

पुढच्या वाहनापासून अंतर राखणाऱ्या प्रकारात रडार व कॅमेरा असतात. चिखल, तसेच वाहनपूजेनंतर पुढच्या जाळीवर राहिलेला हार किंवा काचेवरील हळदकुंकू यांमुळे ही यंत्रणा बंद पडू शकते. अशा वेळी पुसून घेणे हाच उपाय. बंपर किंवा पुढची काच बदलल्यास मात्र पुन्हा कॅलिब्रेशन करावे लागते.

बिघाड नसलेल्या स्थिती

बहुतेक मोटारींत ताशी सुमारे ३० ते ४० किलोमीटरपेक्षा कमी वेगात साधे क्रूझ लागत नाही. बालाघाट डोंगररांगेतील तुळजापूरकडे येताना लागणाऱ्या घाटासारख्या चढावर वेग ठरवलेल्या पातळीच्या फार खाली गेला, की यंत्रणा स्वतःहून सुटते. उतारावर साधे क्रूझ स्वतः ब्रेक लावत नसल्याने वेग वाढतो. या दोन्ही गोष्टींसाठी मेकॅनिककडे जाण्याची गरज नसते. घाटात, ओल्या रस्त्यावर व गर्दीत क्रूझ वापरू नये. शारदीय नवरात्र व कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर भाविक रात्रंदिवस पायी चालत असतात. त्या दिवसांत तेथे वाहतूक सुरू असली, तरी यंत्रणा बंदच ठेवावी.