काच वाकते तेव्हा

बोटांना चिकटलेले रेझिन साबणाने निघणार नाही, तेव्हा आता हात धुवायच्या नादी लागू नका. साल १९४७. मिशिगन राज्यातले कॅलमाझू. गावाबाहेर काळ्या मातीत सेलरीची शेते, गावात कागदाच्या गिरण्या आणि गिब्सन गिटारींचा कारखाना. तुम्ही उभे आहात ते शेक्सपिअर कंपनीत. विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर या गृहस्थांनी १८९७ मध्ये मासेमारीची रिळे बनवायला सुरुवात केली, त्यांची ही कंपनी. आज इथे रीळ नव्हे, रॉड तयार होतोय आणि तो काचेचा आहे.

तुमच्यापुढे बाल्सा लाकडाची एक निमुळती काडी आहे. तिच्यावर रेझिनमध्ये भिजलेले काचेचे तंतू लांबीच्या दिशेने, एकमेकांना समांतर बसवायचे. वरून सेलोफेनची पट्टी ताणून गुंडाळायची, सगळे भट्टीत ठेवायचे, रेझिन कडक झाले की पट्टी सोलून काढायची. पट्टीच्या कडांचे बारीक वेढे रॉडच्या अंगावर तसेच राहतात. बोट फिरवून पाहा, नखाला लागतात. याचे नाव ‘वंडररॉड’.

ही रीत आर्थर हॉवल्ड यांची. ओहायोतल्या टोलेडो शहरात प्लास्कॉन नावाची रेझिन बनवणारी कंपनी होती, तिथले ते रसायनतज्ज्ञ. १९४४ च्या उन्हाळ्यात ते उत्तर मिशिगनमध्ये ट्राउट पकडायला गेले आणि त्यांच्या बांबूच्या रॉडचे टोक मोडले. युद्धाचे दिवस; नवे टोक मिळण्याची आशा नव्हती. पण हॉवल्ड यांच्या हाताशी रेझिन होते आणि त्याच टोलेडोतली ओवेन्स-कॉर्निंग कंपनी काचेचे तंतू काढत होती. त्यांनी दोन्ही एकत्र केले आणि टोक स्वतःच बनवले. ते वाकले, मोडले नाही.

बांबूचा रॉड करणाऱ्या कारागिराशेजारी तुम्ही कधी बसला असतात, तर या भट्टीचे मोल अधिक कळले असते. चीनच्या ग्वांगडोंगमधला टोंकिन बांबू आणायचा, तो चिरायचा, सहा त्रिकोणी पट्ट्या केसाइतक्या अचूक मापाने तासायच्या, चिकटवून षट्कोनी काठी करायची, वार्निश द्यायचे. वस्तू देखणी होई, पण पगारदार माणसाच्या खिशाला झेपत नसे. शिवाय ओली ठेवली की बिघडे, मोटारीत ताणून ठेवली की कायमची वाकडी होई. पुढे डिसेंबर १९५० मध्ये, कोरियाच्या युद्धात चीन उतरल्यावर, अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिन बांबूची वाटच बंद झाली. कारखान्यातल्या या चिकट पांढऱ्या काडीसाठी सगळा बाजार मोकळा झाला.

बारा वर्षे पुढे चला. तयार झालेला रॉड हातात घ्या, कारण तो कारखान्यात उमगत नाही. त्याला पाणी हवे.

जुलै १९५९. ओ साबल नदी, ग्रेलिंग गावाच्या खालच्या अंगाला. मांड्यांपर्यंत पाणी आहे आणि रबरी बुटांच्या आतही त्याचा गारवा हाडाला लागतो, कारण ही नदी झऱ्यांवर जगते. वाळूच्या जमिनीत मुरलेला पाऊस आणि बर्फ वर्षभर थंड होऊन तिच्यात येत राहतो. काठावरचे सीडर पाण्यावर आडवे झुकले आहेत. पात्र अरुंद आहे, समोरचा काठ चाळीस-पन्नास फुटांवर. गावाचे नाव ज्या ग्रेलिंग माशावरून पडले, तो मासा इथे उरलेला नाही. पाइनची जंगले तोडून ओंडके याच नदीतून वाहून नेले, तळ खरवडला गेला, गाडीने आलेल्या शिकाऱ्यांनी पिंपे भरभरून मासे नेले, आणि १९३० च्या दशकात मिशिगनमधून ग्रेलिंग संपला. आता इथे ब्राउन ट्राउट आहे, युरोपातून आणून सोडलेला, आणि ब्रूक ट्राउट. मागे एक लांबट, सपाट तळाची लाकडी होडी थांबली आहे. ओंडके वाहणाऱ्या काळापासून या नदीवर अशाच होड्या चालतात. होडीवाला म्हातारा बांबू टेकवून तुमच्याकडे बघतो आहे.

रॉडचे दोन तुकडे जोडा. जोड धातूचा आहे. आतला भाग आधी नाकाच्या कडेला घासा; तेवढे तेल पुरते, आणि संध्याकाळी जोड सुटताना त्रास होत नाही. लांबी आठ फूट. रिळावरच्या दोरीच्या डब्यावर ‘एचडीएच’ अशी अक्षरे आहेत. अक्षरे दोरीची जाडी सांगतात: टोकाला बारीक, मध्ये जाड, पुन्हा बारीक. दोऱ्या रेशमाच्या होत्या तोवर हे चालले. नायलॉन हलके निघाले, तेव्हा त्याच अक्षराच्या दोन दोऱ्या दोन वजनांच्या भरू लागल्या. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, जाडी सोडून पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून आकडे ठरतील. पाच नंबरच्या दोरीचे ते वजन १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम.

या नऊ ग्रॅमवरच सगळा खेळ उभा आहे. कोकणातल्या खाडीवर गळ टाकताना टोकाचे शिसे दोरीला ओढत नेते. इथे उलटे असते. टोकाला बांधलेल्या नकली माशीला वजनच नसते. तुमच्या दोरीच्या टोकाच्या नायलॉन धाग्याला आत्ता ‘ॲडम्स’ बांधली आहे: करड्या लोकरीचे अंग, कोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसे. १९२२ मध्ये याच राज्यातल्या मेफिल्ड गावी लेन हॅलाडे यांनी ती पहिल्यांदा बांधली आणि त्यांचे स्नेही चार्ल्स ॲडम्स यांनी बोर्डमन नदीवर वापरून पाहिली. फुंकरीने उडेल अशी ही माशी. वजन दोरीचे असते, ती हवेत उलगडत जाते आणि माशीला बरोबर नेते. दोरीला ताकद देतो तो रॉड.

टाका.

दोरी तुमच्या डोक्यावर गोळा होऊन पडली. पुन्हा टाका. पुन्हा तेच.

“घाई होतेय तुझी,” म्हातारा होडीतून म्हणतो. “मागे नेलीस ना? आता थांब. पोरा, मागची दोरी सरळ होऊ दे. तुला कळेल. रॉडच सांगेल.”

तुम्ही दोरी मागे उचलता आणि थांबता. वाटतो त्याहून हा थांबा लांब आहे. मन पुढे ढकलू पाहते, मनगट आखडते. मग मुठीखालच्या बुचाच्या पकडीत काहीतरी जड होते. दोरी मागे सरळ झाली, तिने रॉडला मागे ओढले, आणि वाकण्याची लाट टोकापासून मधल्या भागात, तिथून थेट तुमच्या तळहातात उतरली. आता पुढे. झोपाळ्याला झोका कधी द्यायचा हे लहानपणी कोणी शिकवले नव्हते, पाठ परत आली की हात आपोआप पुढे जात. तसाच हात आत्ता गेला. दोरी एका रुंद, सावकाश वळणाने हवेत उलगडली आणि तीस फुटांवर, सीडरच्या सावलीला, माशी पाण्यावर टेकली.

या संथपणाला रॉडवाले ‘स्लो ॲक्शन’ म्हणतात. काही जण ते दोष सांगावा तसे म्हणतात. माझ्या मते तो या वस्तूचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि त्याचे कारण पदार्थातच आहे. काचेचा तंतू पोलादाच्या जेमतेम एक-तृतीयांश ताठ. हवा तेवढा ताठपणा मिळवायचा तर काच जास्त घालावी लागते, त्यामुळे टोक जड होते, आणि जड टोक वाकून परत यायला वेळ घेते. पण हाच तंतू तुटण्याआधी चार टक्क्यांहून जास्त ताणला जातो. म्हणून हा रॉड फक्त टोकाशी वाकत नाही. पकडीपर्यंत, सगळाच्या सगळा वाकतो. दहा-पंधरा फूट दोरी बाहेर असली तरी वाकतो, आणि तुमच्या हाताला त्याची खबर पोचते.

तिकडे पाण्यावर एक वर्तुळ उठले. माशी नाहीशी झाली.

रॉड उचला, हळूच. ट्राउट प्रवाहाच्या बाजूने धावला. तुमच्या आणि त्याच्यामध्ये शेवटचा नायलॉन ०.१५ मिलिमीटर जाडीचा आहे. ताठ रॉडवर असा धागा पहिल्याच हिसक्याला तुटतो. इथे मासा डोके झटकतो, रॉड तेवढाच खाली झुकतो आणि लगेच सावरतो. धाग्यावर पडायचा धक्का काच स्वतःवर घेते. तुम्हाला माशाची प्रत्येक वळवळ कळते, तो दगडाआड शिरला तेही कळते. जाळे खाली धरा. फूटभर लांबीचा ब्राउन ट्राउट. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडे. हात ओले करून धरा, आकडा काढा, तोंड प्रवाहाकडे ठेवून सोडा. पोट दाबू नका.

अंधार पडू द्या, निघायची घाई नको. जूनच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत या नदीच्या गाळातून हेक्साजेनिया नावाच्या माश्या निघतात, इंचाहून लांब. स्थानिक लोक या माशीला ‘मिशिगन कॅडिस’ म्हणतात. ती कॅडिस जातीची नाही, पण इथे तेच नाव चालते. हवेत पंखांची सळसळ भरते, आणि दिवसभर बुडाशी लपलेले मोठे मासे वर येऊन तोंडे उघडतात. काही दिसत नाही. नेम डोळ्यांनी धरता येत नाही, दोरी कुठवर गेली हे बघता येत नाही. तेव्हा संथ रॉडचे मोल खरे समजते: मागची दोरी सरळ झाली की मूठ जड होते, आणि त्या एका खुणेवर तुम्ही डोळे मिटूनही टाकू शकता. चपळ रॉड हे इतक्या मोठ्याने सांगत नाही.

याच महिन्यात, याच नदीकाठी, जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी काही मासेमार जमतील आणि ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था काढतील. हौदात वाढवलेले मासे ओतत राहण्यापेक्षा नदी सांभाळा, मासे आपले आपण वाढतील, हा त्यांचा आग्रह. त्या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे. ग्रेलिंग संपलेल्या गावाजवळ हा विचार रुजला, ही गोष्ट ओ साबलवर उभे राहून विसरता येत नाही.

आता पश्चिमेला, सॅन फ्रान्सिस्को, १९७४. गोल्डन गेट पार्कमध्ये काँक्रीटचे तीन हौद आहेत, १९३० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेले. पाण्यात मासा नाही. रिंगा तरंगतात आणि लोक नेम व अंतर मोजतात. तुमच्या शेजारचा तरुण काळ्या रंगाचा सडपातळ रॉड घेऊन आला आहे. फेनविक कंपनीने नुकताच बाजारात आणलेला ग्रॅफाइटचा रॉड. विमानांसाठी विकसित झालेला कार्बन तंतू: पोलादाहून काकणभर ताठ, काचेहून सुमारे तीस टक्के हलका. तो टाकतो. दोरी अरुंद वळणाने सूं करत जाते आणि पार पलीकडच्या कठड्याशी पोचते. वारा असला तरी जाते. समुद्रावर, रुंद नद्यांवर, जड माश्या फेकताना हा रॉड काचेहून सरस आहे, यात वाद नाही.

पण तुम्ही ओ साबलवरून आला आहात. त्याला म्हणा, तीस फुटांवरच्या रिंगेत टाक. तो टाकतो, आणि रॉडचे फक्त टोक हलते. खालचा भाग कामालाच लागत नाही. एवढ्या अंतरावर त्याला पुरते वजनच मिळालेले नाही. ट्राउट बहुतेक वेळा याच अंतरावर असतो.

ग्रॅफाइट जिंकले ते अशा हौदांवर आणि दुकानांत. दुकानात गिऱ्हाईक काय करते? मांडणीवरचा रॉड उचलते आणि रिकाम्या हवेत दोनदा हलवते. दोरी नसताना काच लिबलिबीत वाटते, थरथरत राहते; कार्बन एका झटक्यात शांत होतो. त्या पाच सेकंदांत कार्बन विकला जातो. पुढच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी काचेचे नाजूक रॉड करणे जवळजवळ सोडले, आणि काचेची ओळख मुलांच्या स्वस्त रॉडपुरती उरली. याचा मला राग येतो, कारण दोरी लावून टाकून न पाहिलेल्या वस्तूवर हा निकाल लागला.

सगळ्यांनी पाठ फिरवली नाही. याच शहरात हॅरी विल्सन यांनी आत्ता, १९७४ मध्ये, स्कॉट कंपनी सुरू केली आहे, आणि ते डोंगरात पाठीवर नेता येतील असे पाच तुकड्यांचे रॉड काचेचेच करतात. बांबूच्या रॉडसाठी नावाजलेली विन्स्टन कंपनी गेल्या वर्षी टॉम मॉर्गन यांनी घेतली. तिथेही बारीक दोरीसाठी काचेचे रॉड होतात. पासाडिनात रस पीक एकट्याने, एकेका गिऱ्हाइकासाठी काच घडवतात. जुन्या काचेपेक्षा ताठ असलेल्या एस-ग्लासने पुढे नळीची भिंत पातळ होईल, टोक हलके होईल, आणि वाकणे मात्र पकडीपर्यंतच राहील.

दुकानात शिरा. कोपऱ्यात साडेसात फुटांचा, चार नंबरच्या दोरीचा काचेचा रॉड उभा आहे, किंमत उतरवलेली. दुकानदार म्हणतो, “घ्यायचाच तर हा नवा घ्या, साहेब. तो जुन्या पद्धतीचा, फार मऊ आहे.” उचला, पण हवेत हलवू नका. त्याला सांगा, रीळ लावून द्या, दोरी ओवून द्या, मला बाहेर हौदावर टाकून बघायचा आहे. तो जरा नवलाने बघेल, मग रीळ लावून देईल. पंचवीस फूट दोरी काढा. मागे न्या. थांबा. मूठ जड झाली? मग पैसे देऊन टाका.