तरुण वयात खुब्याचे फ्रॅक्चर : उपचार आणि घरची काळजी

खुब्याचे हाड मोडणे हे म्हातारपणाचे दुखणे, असा आपल्याकडे समज आहे. पण नवापूर-विसरवाडीचा महामार्ग असो की तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैली घाट, मोटारसायकलवरून जोरात पडले की पंचविशीतल्या माणसाचाही खुबा मोडतो. मग घरातला कमावता माणूसच खाटेवर पडतो. अशा घरांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

घाई कशासाठी?
मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या वाटीत बसतो. गोळ्याखालची मान मोडली तर गोळ्याला रक्त देणाऱ्या बारीक नसा तुटू किंवा दबू शकतात. वयस्कर रुग्णाचा गोळा बऱ्याचदा बदलतात. तरुणाचा स्वतःचा गोळा वाचवायचा प्रयत्न होतो, त्यासाठी हाड जागेवर आणून स्क्रू किंवा प्लेट बसवतात. म्हणून हाड बसवणाऱ्याकडे मालिश करण्यात दिवस घालवू नका. पाय न ओढता १०८ ची गाडी बोलवा. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना जरूर सांगा. खर्चासाठी योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

पहिले तीन महिने
ऑपरेशननंतर लवकरच वॉकर किंवा कुबड्यांवर उभे करतात. पण मानेच्या फ्रॅक्चरमध्ये साधारण ६ ते १२ आठवडे त्या पायावर पूर्ण भार देऊ देत नाहीत. किती भार द्यायचा हे एक्स-रे बघून डॉक्टरच ठरवतील. दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले, असे नाही. तरुण माणूस इथेच फसतो आणि कुबड्या फेकून देतो.

घोटा वर-खाली करणे, मांडीचे स्नायू आवळणे हे व्यायाम रोज करा. पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला तर तडक दवाखाना गाठा, रक्ताची गाठ झालेली असू शकते. बिडी, सिगारेट, तंबाखू बंद. त्याने हाड उशिरा जुळते. डाळ, अंडी, दूध, मासे खावेत.

नमाज आणि संडास
उकिडवे किंवा मांडी घालून बसणे डॉक्टर सांगेपर्यंत टाळा. कमोड खुर्ची आणा. नमाज खुर्चीवर, तेही जमत नसेल तर पडून इशाऱ्याने पढता येते. शरीअतने आजाऱ्याला ही सवलत दिली आहे, रोजेही नंतर पूर्ण करता येतात. सवलत घेण्यात कमीपणा नाही.

घरच्या बायकांसाठी
साध्या पडण्याने तरुण बाईचे हाड मोडले तर व्हिटॅमिन डी, थायरॉइड तपासून घ्या. बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांगा.

पुढची दोन वर्षे
बैठे काम दोन-तीन महिन्यांत जमू शकते. हमाली, गवंडीकाम, शेतीला सहा महिने किंवा जास्तही लागतात. हाड जुळल्यावरही रक्तपुरवठा तुटलेला गोळा पुढे खचू शकतो. म्हणून किमान दोन वर्षे तपासणी चुकवू नका. जांघेत पुन्हा दुखू लागले, लंगडणे वाढले तर गोळ्यांवर दिवस काढू नका, लगेच दाखवा.