चेहऱ्याचा संदर्भ
विल्यम जॉन्सनने १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. पुष्कळ चित्रांत माणसे एका ठिकाणची, पार्श्वभूमी दुसरीकडून जोडलेली. तरीही ती वंशशास्त्राचे साधन म्हणून पाहिली गेली.

आज चाकणजवळच्या कुरुळीत खोली घेऊन राहणारा एखादा कामगार गावाकडच्यांसाठी फेसबुकवर फोटो टाकतो. त्याने काय दाखवले, काय झाकले, हे न विचारता त्यातून ‘कामगारजीवन’ वाचणारा अभ्यासक जॉन्सनचाच वारसदार ठरतो. व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेली माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कक्षेबाहेर ठेवली. पण कायद्याची मोकळीक म्हणजे संमती नव्हे.

आम्ही साहित्याचे अभ्यासक संहितेचा संदर्भ तपासतो. चेहऱ्याचाही तपासावा, त्याआधी परवानगी मागावी.