पेरलेली बोली

आमच्या गावच्या जत्रेत तिसऱ्या दिवशी दुपारी देवीपुढे आलेल्या नारळांचा आणि ओटीच्या साड्यांचा लिलाव होई. गाव खानापूर तालुक्यातले, लहानसेच. मी तेव्हा सातवीत असेन. देवळाच्या पायरीवर पंच बसत आणि त्यांच्यातला एकजण नारळ उंच धरून ओरडे, "पाच रुपये एक बार, पाच रुपये दोन बार..." समोरच्या पारावर आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे चुलते, पानाची चंची उघडून बसलेले असत. बोली अडली की पानाला चुना लावता लावता, मानही वर न करता तात्या म्हणत, "सहा!" मग कोणीतरी सात म्हणे, कोणी आठ. तात्यांनी उभ्या आयुष्यात लिलावातला एकही नारळ घरी आणला नाही. बोली चुकून त्यांच्यावरच येऊन थांबली, तर पंच हसून तोच नारळ पुन्हा पुकारत. परगावचा पाहुणा असला तर शेजारचा माणूस त्याला सांगून ठेवी, "ते देवीच्या बाजूनं बोलतात हं." कोणाला फसल्यासारखे वाटत नसे.

तात्यांची आठवण होण्याचे कारण पुढे येईल. आधी 'लिलाव' या शब्दाविषयी थोडे सांगतो. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, म्हणजे आम्हा सीमाभागातल्या लोकांना घाट उतरून गेले की लागणाऱ्या गोव्यातून. यान हुयगेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा प्रवासवृत्तान्त १५९६ साली छापला गेला. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन त्यात आहे. घोडे, मसाले, गालिचे, मृतांच्या घरचे सामान आणि गुलाम माणसेही तिथे पुकारून विकली जात. शब्द आपण उचलला, प्रथाही अंगवळणी पडली. पण लिलावातली लबाडी पोर्तुगीजांहून कितीतरी जुनी आहे.

तिचा एक स्पष्ट उल्लेख सिसेरोच्या लेखनात आहे. इ.स.पूर्व ४४ मध्ये, सीझरच्या खुनानंतरच्या धामधुमीत, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी त्याने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात कानियस नावाच्या रोमन गृहस्थाची गोष्ट येते. कानियस विश्रांतीसाठी सिराक्यूजला गेला होता आणि त्याला एखादी टुमदार बाग विकत हवी होती. पिथियस नावाच्या तिथल्या सावकाराने त्याला आपल्या समुद्रकाठच्या बागेत जेवायला बोलावले. पाहतो तो काय, बागेपुढे होड्यांची रांग लागलेली आणि एकेक कोळी येऊन पिथियसच्या पायाशी मासळी ओततो आहे! गावची सारी मासळी इथेच मिळते, असे पिथियसने सांगितले. कानियस इतका भुलला की मागेल ती किंमत देऊन त्याने बाग सामानासकट घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने मित्रांना बोलावले, तर समुद्रावर एकही होडी नाही. आज कोळ्यांचा सण आहे काय, असे शेजाऱ्याला विचारता तो म्हणाला, सण कसला? इथे कोणी कधी मासे धरत नाही, काल काय झाले याचेच मला नवल वाटत होते.

ही गोष्ट मी नववीच्या वर्गात अनेकदा सांगितली आहे. मुले पोट धरून हसतात. सिसेरो मात्र हसत नाही. कपटाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग तोवर कायद्यात आला नव्हता, म्हणून कानियस हात चोळत बसला, असे तो नोंदवतो. त्याच ओघात तो सांगतो की व्यवहारात लपवाछपवी नको, विकणाऱ्याने बोली चढवायला आपला माणूस उभा करू नये आणि घेणाऱ्यानेही बोली पाडायला माणूस पेरू नये. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हा पेरलेला माणूस समाजात इतका परिचित होता, की बापाला मुलास त्याविषयी बजावावे लागले.

पुढची मोठी नोंद इंग्लंडची. तिथे अशा माणसाला 'पफर' म्हणत, म्हणजे फुंकर मारून किंमत फुगवणारा. १७७६ साली लॉर्ड मॅन्सफील्डपुढे एक दावा आला. प्रतिवादी होता जेम्स ख्रिस्ती, आजही ज्याच्या नावाने लंडनची पेढी चालते तोच. एकाने आपला घोडा त्याच्याकडे विकायला दिला होता आणि ठरावीक रकमेखाली देऊ नकोस असे खासगीत बजावले होते. घोडा कमी किमतीला गेला आणि मालकाने ख्रिस्तीवरच फिर्याद ठोकली. मॅन्सफील्डने ती उडवून लावली. सर्वांत जास्त बोली बोलणाऱ्याला माल मिळेल असे जाहीर करायचे आणि पाठीमागून मालकानेच गुपचूप बोली चालवायची, हे इतर बोली बोलणाऱ्यांशी कपट आहे, असे त्याचे म्हणणे.

गंमत अशी की त्याच देशात इक्विटीची न्यायालये पुढे असे मानू लागली की जमीन मातीमोल जाऊ नये म्हणून मालकाने एखादा पफर ठेवला तर चालेल! एका दारात कपट, दुसऱ्या दारात शहाणपण. हा घोळ जमिनींपुरता मिटवायला १८६७ साली पार्लमेंटला खास कायदा करावा लागला.

आपल्याकडे तो घोळ फारसा आला नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने सांगून टाकले की विकणाऱ्याने किंमत वाढवण्यासाठी खोट्या बोली वापरल्या, तर घेणाऱ्याला तो व्यवहार रद्द करता येईल. पुढे हीच तरतूद १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये गेली आणि ती आजही लागू आहे. विकणाऱ्याला बोली बोलण्याची पूर्ण बंदी मात्र हे कलम करत नाही. आपण बोली बोलणार असा हक्क त्याने आधी उघडपणे राखून ठेवला असेल, तर तो स्वतः बोलू शकतो किंवा आपला एक माणूस बोलायला ठेवू शकतो. तसे जाहीर न करता केले, तर घेणारा त्या विक्रीला कपटाची विक्री मानू शकतो. आमचे तात्या या कसोटीला उतरले असते असे मला वाटते. जाहीरनामा नव्हता, पण साऱ्या जत्रेला माहीत होते. वकील मंडळी यावर वाद घालतील, घालोत.

या सगळ्याला निराळे वळण मिळाले ते १९९५ च्या सप्टेंबरात. कॅलिफोर्नियात पिएर ओमिद्यार या तरुणाने संगणकाच्या जाळ्यावर लिलावाचे दुकान मांडले. त्याचेच पुढे 'ईबे' झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. आता पार नाही, पायरी नाही, पुकारणारा नाही. बोली बोलणाऱ्याचा चेहरा नाही, नुसते एक टोपणनाव.

या लिलावाची रीत समजून घेतल्याशिवाय लबाडीही समजणार नाही. तुम्ही एखाद्या वस्तूला जास्तीत जास्त किती द्याल तो आकडा यंत्राला सांगून ठेवायचा. तो इतरांना दिसत नाही. दुसरा कोणी बोलला की तुमच्या वतीने यंत्र एकेक पायरी वर चढते आणि तुम्ही जिंकलात, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून जेमतेम एक पायरी अधिक द्यावे लागते. पोस्टाची जुनी तिकिटे विकणारे व्यापारी टपालाने आलेल्या बोलींसाठी एकोणिसाव्या शतकापासून अशीच रीत वापरत आले. १९६१ साली विल्यम विकरी याने तिचे गणित मांडले. १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्याला जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी तो वारला. रीत मोठी न्याय्य आहे, कारण मनातला खरा आकडा सांगण्यात तुमचे नुकसान नाही. फक्त दुसऱ्या क्रमांकाचा माणूस खरा हवा.

तो खरा नसला तर काय होते, हे मी २००९ साली स्वतः अनुभवले. मला तिकिटांचा नाद आहे. गोव्याच्या पोर्तुगीज अमदानीतला एक संच जाळ्यावरच्या लिलावात शंभर रुपयांपासून लागला होता. मी पंधराशेचा आकडा ठेवून दिला आणि निश्चिंत झोपलो. सकाळी पाहतो तर कोणी एकजण रात्रीत नऊ वेळा बोलला होता. दोनशे, तीनशे, पाचशे अशी तो ठोके मारून पाहत होता आणि प्रत्येक ठोक्याला यंत्र माझ्या वतीने उत्तर देत होते. विहिरीत दोर सोडून पाण्याचा अंदाज घ्यावा तसे. चौदाशेला तो थांबला. संच मला चौदाशे पन्नासला पडला. पुढच्या महिन्यात त्याच विक्रेत्याच्या आणखी तीन संचांवर तेच टोपणनाव दिसले. प्रत्येक वेळी भरपूर बोली आणि एकदाही जिंकणे नाही. खाते नवे, इतर कोणाकडून काही घेतल्याची खूण नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

दोर चुकून तळाला लागला, म्हणजे पेरलेली बोलीच जिंकली, तरी विक्रेत्याचे फारसे बिघडत नाही. आकडा टाकताना चूक झाली म्हणून ती बोली मागे घ्यायची किंवा "आधीचा गिऱ्हाईक नाही म्हणतोय, तुम्ही घेता का?" असे पत्र दुसऱ्या क्रमांकाच्या खऱ्या माणसाला पाठवायचे.

या लबाडीचा सर्वांत गाजलेला खटला एका चित्राचा आहे. २००० सालच्या मे महिन्यात ईबेवर एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून पुकारले गेले. विकणाऱ्याने चित्रकाराचे नाव मुद्दाम घातले नाही. आपण संसारी माणूस, चित्र जुन्या सामानाच्या विक्रीत घेतले, पोराच्या तीनचाकीने त्याला भोक पडले, अशी भाबडी कथा तेवढी लिहिली. चित्राच्या कोपऱ्यात मात्र 'आर.डी. ५२' अशी अक्षरे दिसत होती. जाणकारांनी रिचर्ड डीबेनकॉर्न हे नाव आपणच ताडले आणि घबाड सापडले म्हणून तुटून पडले. शेवटची बोली गेली १,३५,८०५ डॉलरवर! पिथियसने होड्या आणल्या होत्या, इथे नुसत्या दोन अक्षरांनी काम भागले.

वर्तमानपत्रांनी शोध घेतला तेव्हा विकणारा केनेथ वॉल्टन हा सॅक्रामेंटोचा वकील निघाला. ना बायको, ना पोर, ना तीनचाकी. त्याने दुसऱ्या नावाने त्याच चित्रावर बोली लावल्याचे उघड होताच ईबेने विक्री रद्द केली. २००१ साली त्याच्यावर आणि दोन साथीदारांवर खटला भरला गेला. तिघांनी मिळून चाळीसहून अधिक खोटी नावे घेऊन शेकडो लिलावांत एकमेकांच्या मालाची किंमत चढवली होती. वॉल्टनने गुन्हा कबूल केला. चित्रावरची अक्षरे आपणच रंगवली हेही सांगितले. वकिली गेली आणि २००६ साली त्याने या साऱ्यावर पुस्तक लिहिले. कायदा शिकलेला माणूस हे करतो, याचे मला फार आश्चर्य वाटले होते. आता वाटत नाही.

पुढच्या घडामोडी थोडक्यात. २००४ साली ईबेने आपल्याकडची बाझी डॉट कॉम विकत घेतली आणि त्या दुकानाला आपले नाव दिले. २०१८ साली ते इथे बंद झाले. इंग्लंडमध्ये २०१० साली ब्रॅडफर्डच्या न्यायालयाने एका मिनीबस चालकाला दंड केला, कारण दोन नावे घेऊन तो स्वतःच्याच गाडीवर बोली लावत होता. २००७ च्या सुमारास ईबेने बोलणाऱ्यांची टोपणनावेही झाकायला सुरुवात केली. हेतू असा की ठकांनी त्यांना गाठू नये. पण मी २००९ मध्ये जी खूण ओळखली, ती त्यामुळे ओळखणे अवघड झाले.

आता स्वतःचे सांगतो. २०१६ च्या मे महिन्यात आमच्या शाळेतले मोडके बाक आणि जुनी दारे लिलावात काढली. सागवान चांगले होते. संस्थेच्या एका वडीलधाऱ्या सदस्यांनी मला बाजूला घेऊन म्हटले, "सर, एखादा आपला माणूस उभा करा. भंगाराच्या भावात जायला नको." मी उभा केला. आमच्या एका शिक्षकाचा मेहुणा, परगावचा, कोणाच्या ओळखीचा नाही असा मुद्दाम पाहून. खरे बोलणारे दोघेच होते. त्यातला एक सुतार, त्याच्या दोन्ही मुली आमच्याच शाळेत शिकलेल्या. अकरा हजारांवर थांबणारी बोली साडेअठरा हजारांवर गेली आणि सुताराने माल उचलला. त्या पैशांतून मुलींच्या स्वच्छतागृहाला नवे दार आणि नळ बसले. पावतीवर सही माझी आहे. चौदाशे पन्नासचे तिकीट मला तेव्हा आठवलेही नाही. कलम ६४ मी वाचले ते त्यानंतर दोन वर्षांनी, एका माजी विद्यार्थ्याच्या कायद्याच्या पुस्तकात सहज चाळताना.

गेल्या पावसाळ्यात तो सुतार घरी दार बसवायला आला होता. काम झाल्यावर चहा पिता पिता म्हणाला, "सर, त्या बाकांच्या लिलावात एक उंचसा माणूस होता बघा, लई चढवत होता. कुठल्या गावचा हो तो? मी पैसे मोजत होतो तवर निघूनच गेला."

मी म्हणालो, "आठवत नाही."