माठाचे पाणी आणि शिष्याची शंका

वैशाख लागला की देवळाच्या मंडपात माठ मांडले जातात, अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान होते, वाटेवर पाणपोई उभी राहते. माठातले पाणी निवते आणि शेजारच्या तांब्याच्या घागरीतले निवत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांसही ठाऊक आहे. कारण विचारले तर मात्र ‘मातीचा गुण’ एवढेच उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही. पण ते विचारणाऱ्यास वाटेतच थांबविते. हा विषय मुलांना कसा शिकवावा, याची दिशा आम्हांस त्याच्या इतिहासातच सापडते.

तो इतिहास स्कॉटलंडातील एका अध्यापकाच्या खोलीत सुरू होतो. विल्यम कलन हे रसायनशास्त्र शिकवीत. त्यांच्या एका तरुण शिष्याने मद्यार्कात बुडविलेला तापमापक बाहेर काढून हवेत धरला, तो पारा दोन-तीन अंश उतरलेला दिसला. मद्यार्क तर भोवतालच्या हवेइतकाच उष्ण होता. मग ही थंडी आली कोठून? शिष्याने शंका गुरूंपुढे ठेवली आणि गुरूंनी ती झिडकारली नाही. निरनिराळे द्रव घेऊन त्यांनी प्रयोग केले, तेव्हा जो द्रव लवकर उडून जातो तो अधिक थंडी उत्पन्न करतो, असे दिसून आले. पुढे त्यांनी ईथरचे भांडे पाण्याच्या भांड्यात ठेवून दोन्ही काचेच्या घुमटाखाली झाकली व पंपाने आतील हवा उपसून घेतली. ईथर झपाट्याने उडू लागले आणि भोवतालच्या पाण्याचे बर्फ झाले. हा निबंध १७५६ साली प्रसिद्ध झाला.

थंडी कशी उपजते हे कलन यांनी दाखविले. तिचा हिशेब मांडला तो त्यांचेच शिष्य जोसेफ ब्लॅक यांनी. ग्लासगो येथे १७६२ च्या सुमारास त्यांनी तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पाणी ठेवून वेळ मोजला. पाणी उकळीस येण्यास सुमारे चार मिनिटे लागली; ते सारे आटून जाण्यास आणखी वीस. या वीस मिनिटांत उष्णता सतत मिळत असूनही उकळत्या पाण्याचे तापमान वाढले नाही. ती उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडत होती. हीच अप्रकट उष्णता. विशेष असे की, ब्लॅक यांनी यावर ग्रंथ लिहिला नाही. वर्षानुवर्षे ते आपल्या विद्यार्थ्यांना हे शिकवीत राहिले, आणि त्यांची व्याख्याने त्यांच्या निधनानंतर, १८०३ साली, ग्रंथरूपाने बाहेर आली.

त्याच काळात आपल्या देशात ही विद्या कारागिरांच्या हाती नांदत होती. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलेल्या वृत्तान्तात, आज प्रयागराज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अलाहाबादेस बर्फ कसे करीत याचे वर्णन आहे. उथळ खड्ड्यांत वाळलेली चिपाडे पसरून त्यांवर कच्च्या मातीच्या छिद्रयुक्त परळांत उकळून निवविलेले पाणी सायंकाळी ओतून ठेवीत, आणि हिवाळ्याच्या निरभ्र रात्रीनंतर सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करीत. येथे केवळ बाष्पीभवनच कारणी होते असे नव्हे. उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाणे हे मोठे कारण होय, असे वेल्स यांनी १८१४ साली प्रतिपादिले. कारागिरांस कृती ठाऊक होती. कारणे निराळी काढून मोजणे राहिले होते. पूर्वजांना सारे शास्त्र अवगत होते असे म्हणणे जितके चूक, तितकेच त्यांच्या हातांतील ज्ञानास तुच्छ लेखणेही चूक.

आता उघड्या व बंद भांड्यांचा मुद्दा. बंद भांड्यात वाफ कोंडते, हवा तिने भरून जाते, आणि जितके पाणी उडते तितकेच परत येते. म्हणून थंडी उपजत नाही. कोणी म्हणेल, माठावरही झाकण असते. खरे, पण माठाचे अंग सच्छिद्र असल्याने तो चहूबाजूंनी उघडाच असतो. कलन यांचा घुमट बंद होता, तरी पंप वाफ उपसून नेत होता. घरोघरचा फ्रिजही याच तत्त्वावर चालतो. तेव्हा प्रश्न झाकणाचा नसून वाफेला वाट आहे की नाही, याचा आहे. म्हणूनच ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जितका निवतो, तितका गोव्याच्या दमट किनाऱ्यावर निवत नाही.

हे मुलांना सांगू नये, करून पाहू द्यावे. सारखे दोन लहान माठ भिजवून, हवेइतक्याच उष्ण पाण्याने भरून सावलीत ठेवावेत. एक वाऱ्यावर, दुसरा घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात. दर पंधरा मिनिटांनी तापमान व अखेरीस वजन टिपावे. एक लिटर पाण्यातून अवघे दहा ग्रॅम उडाले, तरी बाहेरून उष्णता न आल्यास उरलेले पाणी सुमारे सहा अंशांनी निवू शकते. प्रत्यक्षात उतार कमी का, हेही मुलांनीच शोधावे.

आमच्या देवस्थानांच्या पाठशाळांतून उत्तरे पाठ करविण्याची रीत जुनी आहे. तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु कलन यांनी त्या दिवशी शिष्यास ‘हा मद्यार्काचा गुण’ असे सांगून गप्प बसविले असते, तर ती वाट तेथेच खुंटली असती. यंदाच्या वैशाखात कोणी मूल माठाशी उभे राहून ‘का?’ असे विचारील, तेव्हा त्यास पाण्याबरोबर तापमापकही द्यावा.