पाऊणकी ते टीएमसी

पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या पोरांची गणिताची तोंडी परीक्षा रोज सकाळी होते. कोयना धरणाचे सहा दरवाजे किती फुटांनी उचलले, किती क्युसेक पाणी सुटलं, धरण किती टीएमसी (अब्ज घनफूट) भरलं आणि धरणाच्या पाणलोटातल्या नवजाला किती मिलिमीटर पाऊस झाला, हे एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाड्यापाशी उभं राहिलं की कानावर पडतंच. त्यातून काढायचं उत्तर एकच: मुळगावचा पूल आज पाण्याखाली जाणार का? शाळेत याला ‘शाब्दिक उदाहरण’ म्हणतात. ही उदाहरणं वहीत कुठून आली, याचा माग काढत गेलं तर ती आधी रस्त्यावरच भेटतात.

पंतोजींच्या शाळेत पुस्तक नव्हतं. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, उजळणी घोकायची आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी परवचा म्हणायचा. पाढे नुसते दोन-तीनचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही पोरं धडाधड म्हणत. आज ही निव्वळ घोकंपट्टी वाटते, पण तेव्हाच्या बाजारात त्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. रुपयाचे आणे सोळा आणि आण्याचे पैसे चार. सगळा व्यवहार निम्म्या-निम्म्याने आणि चौथाईने चाले, म्हणून पाढेही तसेच होते. भाताची रास मापताना ज्याला पाऊणकी येत नसे, त्याला सावकार सहज फसवू शके.

भूगोल मात्र छापील पुस्तकातून आला. बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीत ‘भूगोलविद्या’ लिहिली, 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि पुढे सरकारी शाळांच्या भिंतींवर नकाशे लटकू लागले. त्याच काळात पेस्टालॉझीच्या विचारांतून निघालेली एक युरोपीय रीत इकडे पोहोचली: वस्तू समोर ठेवून पाठ द्यायचा. मास्तरांच्या बोलीत तो झाला ‘वस्तुपाठ’. आज आपण हा शब्द आदर्श उदाहरण या अर्थाने वापरतो, पण त्याचा उगम वर्गातल्या टेबलावर ठेवलेल्या साध्यासुध्या वस्तूत आहे.

या शिक्षणाचं माप कोणाच्या अंगावर बेतायचं, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी उभा केला. त्यांचं मूळ घराणं याच जिल्ह्यातल्या कटगुणचं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख आणि शेतीची माहिती मागितली. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहाराच्या उपयोगाचे हवेत, आणि शाळेला नमुन्याची लहानशी शेती जोडली तर फारच बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे शेजारच्या कराड तालुक्यातल्या काले गावी 4 ऑक्टोबर 1919 रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या वसतिगृहांतली पोरं स्वतः रांधत आणि शेतात राबत. पिठाचा आणि पगाराचा हिशेब हातातूनच डोक्यात शिरे. 1937 मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी मांडलेली नई तालीमही हस्तोद्योगातूनच शिकवा असं सांगत होती.

पाटणच्या खोऱ्यात एक शाळा पोस्टातूनही चाले. डोंगरातली माणसं मुंबईला गोण्या उचलायला गेली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. टोळीची मजुरी टोळीत वाटायची आणि उरलेलं गावी मनिऑर्डरीने पाठवायचं. गावाकडे ती वाचून दाखवायला शाळेतलं पोरगं बसे: एवढे दुकानदाराचे, एवढे बियाण्याचे, हातात राहिले एवढे. वजाबाकी आणि मुंबईचं अंतर, दोन्ही एकाच कागदावर.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले आणि पावकी-औटकीचं शाळेतलं काम संपलं. 1967 मध्ये शाळेची पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती स्थापन झाली. तिसरीच्या मुलाला पुढे आपल्या जिल्ह्याचा भूगोल मिळू लागला, चौथीच्या मुलाला महाराष्ट्राचा. सातारा जिल्ह्याचे अकरा तालुके, पश्चिमेच्या कडेला पाटण, पूर्वेला माण. नवजाला पावसाळ्यात 5 हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर माणला सुमारे 500. एवढ्या एका जोडीत दहाचा पाढाही आहे आणि दुष्काळही.

नकाशा मात्र एक गोष्ट अर्धवट सांगतो. कोयना महाबळेश्वरातून उतरते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते, पाटणला केरा नदीला पोटात घेते, कराडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. पण 1962 पासून तिचं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटाखालून पोफळीला उतरतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. धरणाची क्षमता सव्वाशे नव्हे, सव्वा एकशेपाच टीएमसी. पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणी तंटा लवादाने दिलेलं पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. एकच नदी दोन समुद्रांना कशी जाते, हा प्रश्न पाटणच्या मुलाला घराजवळच सुटतो.

गेल्या दशकात याच जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातले शिक्षक आले. खडे, बिया, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि फरशीवर रंगवलेले तक्ते घेऊन पोरं जमिनीवर बसून शिकत होती. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. दशक आधी, एकक नंतर, म्हणजे मुलांना सोपं जातं, हा त्यामागचा विचार.

पंतोजींची औटकी आता कोणी म्हणत नाही. पण जुलैत धरण भरू लागलं की चहाच्या गाड्यापाशी कोणीतरी म्हणतंच, “पाऊणशे झालं.” शेजारी दप्तर घेऊन उभ्या पोराला त्याचे 75 करायला क्षणभरही लागत नाही. मग ते मुळगावच्या पुलाकडे बघतं.